समितीत तेच, छायाचित्रात तेच. पदोन्नतीच्या यादीत मात्र नाहीत

धागाकर्ती: पूर्वविदर्भ

नागपुरात वैद्यकीय महाविद्यालयांविषयी जी चर्चा चालते, ती बहुतेक रिक्त पदे, बदल्या, बंद पडलेली यंत्रे आणि निवासी डॉक्टरांचे संप यांभोवती फिरते. मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स अशा तीन मोठ्या संस्था एकाच शहरात आहेत. पण तिथे किंवा आसपासच्या जिल्ह्यांत शिकवणारे जे डॉक्टर आपल्या विभागात आपल्या समाजाचे एकटेच असतात, त्यांच्या अंगावर पडणाऱ्या जास्तीच्या कामाविषयी कोणी फारसे बोलत नाही. मी विदर्भातील एका महाविद्यालयात पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) विभागात शिकवते. या कामाचा हिशेब कुठे आणि कसा मांडता येईल, यावर इथल्या जाणकारांची मते हवी आहेत, म्हणून हा धागा.

अमेरिकेत या प्रकाराला 'मायनॉरिटी टॅक्स' असे नाव पडले आहे. मानसशास्त्रज्ञ आमाडो पाडिया यांनी १९९४ मध्ये विद्यापीठांतील अल्पसंख्य प्राध्यापकांच्या संदर्भात अशा अदृश्य कराची कल्पना मांडली आणि २०१५ मध्ये रॉड्रिगेझ, कॅम्पबेल व पोलोली यांनी ती वैद्यकीय अध्यापनाला लावून दाखवली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, कृष्णवर्णीय, लॅटिनो किंवा मूलनिवासी समाजातून आलेल्या प्राध्यापकाला विविधतेसंबंधीची सगळी कामे सांगितली जातात, त्या समाजाच्या विद्यार्थ्यांना तोच सांभाळतो, गरीब रुग्णांचा भारही बहुधा त्याच्याकडेच जातो, त्याला स्वतःला मात्र मार्गदर्शक मिळत नाही, आणि पदोन्नतीच्या वेळी यातले काहीच मोजले जात नाही.

आपल्याकडे हे घडण्यासाठी कोणी दुष्ट असावेच लागते असे नाही. साधे अंकगणित पुरते. निवड समितीवर मागासवर्गीय प्रतिनिधी असावा लागतो, आणि तो असायलाच हवा. लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत तक्रार समितीची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील महिलाच असते आणि समितीत किमान निम्म्या महिला लागतात. रॅगिंगविरोधी समिती, वसतिगृह समिती, समान संधी कक्ष, शिष्यवृत्ती कक्ष ही यादी पुढे वाढतच जाते. ज्या महाविद्यालयात वरिष्ठ पदावर आदिवासी समाजाची एकच व्यक्ती आहे आणि ती महिला आहे, तिथे तिचे नाव किती आदेशांवर येत असेल याची कल्पना करा. संरक्षणासाठी केलेला प्रत्येक नियम, माणसे कमी असल्यामुळे, त्याच एका माणसाच्या पाठीवर येऊन बसतो.

माझे एक सहकारी मेडिसिनचे सहयोगी प्राध्यापक आहेत, गोंड समाजाचे. ओपीडी ऐन भरात असताना त्यांना अधिष्ठाता कार्यालयातून निरोप येतो की कंत्राटी पदांच्या मुलाखती आहेत, प्रतिनिधी म्हणून आपणच या. ते मुलाखतींना बसलेले असताना वॉर्डातून फोन येतो की भामरागडहून रेफर होऊन आलेल्या बाईंना माडियाखेरीज काही येत नाही, सोबतच्या मुलाला मराठी अर्धवट कळते, आणि शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर अंगठा घ्यायचा आहे. सरांची बोली गोंडी, बाईंची माडिया. त्यामुळे प्रत्येक वाक्य दोनदा फिरवून सांगावे लागते आणि पाच मिनिटांच्या कामाला तास लागतो. परत येतात तर दारात पहिल्या वर्षाचा विद्यार्थी उभा. राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर त्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडकलेला, कारण जात पडताळणी समितीकडून वैधता प्रमाणपत्र आलेले नाही. तो त्यांच्या मेंटॉर-मेंटी गटातला नाही, तरीही तो त्यांच्याचकडे येतो. संध्याकाळी सहाला संशोधनाची एक्सेल शीट उघडते आणि साडेसहाला बंद होते.

आता पदोन्नतीचा नियम पाहा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या शिक्षक पात्रता नियमावलीत सहायक प्राध्यापकाला सहयोगी होण्यासाठी चार वर्षांची सेवा, दोन शोधनिबंध आणि वैद्यकीय शिक्षणतंत्र व जैववैद्यकीय संशोधन यांचे दोन मूलभूत अभ्यासक्रम मागितले होते. त्या बाईंशी बोलण्यात गेलेला तास यातल्या कोणत्या रकान्यात बसतो?

प्रतिसाद: चिकित्सक

आपला मुद्दा प्रामाणिक आहे, पण तो जातीशी किंवा समाजाशी जोडण्याची गरज मला पटत नाही. शासकीय महाविद्यालयातील प्रत्येक शिक्षक आज कामाखाली दबलेला आहे. आयोगाची तपासणी आली की ओपीडीचे आकडे, खाटांची व्याप्ती, हजेरीची नोंद, परीक्षेचे नियोजन हे सगळे जो हाताशी सापडेल त्याच्यावर टाकले जाते. मी खुल्या प्रवर्गातील आहे आणि माझ्याकडेही जैववैद्यकीय कचऱ्यापासून वार्षिक स्नेहसंमेलनापर्यंतच्या समित्या आहेत. दुसरे असे की, अमेरिकेत आपल्यासारखे घटनात्मक आरक्षण नाही. तिथली तुलना इथे आणली की चित्र विनाकारण भडक होते.

प्रतिसाद: बिंदुनामावली

चिकित्सक यांच्या पहिल्या मुद्द्याशी अर्धा सहमत आहे. जैववैद्यकीय कचऱ्याची समिती त्रासाची असते, पण तिथे कोणी आपल्या समाजाच्या वतीने बसत नाही. ती दुसऱ्याकडे फिरवता येते. प्रतिनिधित्वाची जागा फिरवायची तर दुसरा प्रतिनिधी लागतो, आणि तो नसतो, हाच धाग्याचा विषय आहे.

दुसऱ्या मुद्द्याबाबत थोडे तपशील द्यावे लागतील, कारण 'आरक्षण आहे' या दोन शब्दांत फार काही झाकले जाते. आपल्या देशात आरक्षणाच्या वादाची पहिली मोठी न्यायालयीन लढत वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारातच झाली. मद्रास प्रांताच्या जातवार जागावाटपाच्या आदेशावरून चंपकम दोराईराजन यांचा खटला १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, आदेश रद्द झाला, आणि त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने मागासवर्गांसाठी विशेष तरतुदीची मुभा देणारे कलम १५(४) आले. (अमेरिकेतला ॲलन बाकी (Bakke) यांचा १९७८ चा खटलादेखील डेव्हिस येथील वैद्यकीय विद्यालयाच्या प्रवेशाचाच होता, दोन्ही देशांत भांडण डॉक्टरकीच्या जागेवरून पेटले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.) म्हणजे प्रवेशाची पायरी आपण ओलांडली. वरच्या पायऱ्यांवर काय झाले? इंद्रा साहनी निकालात १९९२ साली न्यायालयाने वैद्यकातील अतिविशेष (सुपरस्पेशालिटी) शाखांसारख्या काही पदांवर आरक्षण उचित ठरणार नाही असे मत नोंदवले. १९९९ मध्ये प्रीती श्रीवास्तव निकालात अतिविशेष अभ्यासक्रमांच्या प्रवेशात आरक्षण नको असे म्हटले. आणि जुलै २०१३ मध्ये दिल्ली एम्सच्या अध्यापक संघटनेच्या प्रकरणात अतिविशेष शाखांतील अध्यापकपदांबाबतही हाच सूर कायम राहिला. राज्यात पदोन्नतीतील आरक्षणाचा २५ मे २००४ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये रद्द केला आणि मे २०२१ मध्ये शासनाने ही पदे सेवाज्येष्ठतेने भरण्याचा निर्णय घेतला. या निकालांच्या गुणदोषांत मी शिरत नाही. परिणाम एवढाच सांगतो की खालच्या पदांवर प्रतिनिधी दिसतात, वर जावे तसे ते विरळ होतात, आणि समित्यांना नेमके वरिष्ठच लागतात.

शिवाय 'योग्य उमेदवार आढळला नाही' हा शेरा आहेच. दिल्लीच्या एम्सबाबत संसदेच्या अनुसूचित जाती-जमाती कल्याण समितीने २०२२ च्या अहवालात याच शेऱ्यावर बोट ठेवले होते: जे डॉक्टर हंगामी म्हणून तिथेच काम करत होते, ते नियमित निवडीच्या वेळी अयोग्य कसे ठरतात?

प्रतिसाद: ह्यूस्टनकर

मूळचा धंतोलीचा, शिक्षण नागपुरातच, आता बरीच वर्षे टेक्सासमध्ये शिकवतो आहे. इथली बाजू सांगतो.

आम्ही भारतीय डॉक्टर इथे अल्पसंख्य असलो तरी या चर्चेत मोडत नाही, हे आधी स्पष्ट करतो. इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने २००३ मध्ये जी व्याख्या स्वीकारली, ती लोकसंख्येतील प्रमाणाच्या तुलनेत वैद्यकीय व्यवसायात कमी असलेल्या समाजांची आहे, आणि भारतीय वंशाचे डॉक्टर प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त आहेत. कृष्णवर्णीय लोकसंख्येत सुमारे १३ टक्के आहेत आणि वैद्यकीय प्राध्यापकांत ४ टक्क्यांच्या आसपास. आपल्यापैकी काहींना हे ऐकायला आवडत नाही, परंतु नागपुरात ज्या बाकावर आपण बसत होतो, इथे आल्यावरही तो बाक फारसा बदललेला नाही.

ही तूट आपोआप झालेली नाही. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांचा वैद्यकीय शिक्षणावरील अहवाल आला. त्यात कृष्णवर्णीयांच्या सात विद्यालयांपैकी हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच टिकवण्यासारखी ठरवली गेली, आणि बाकीची पाच काही वर्षांत बंद झाली. ती चालू राहिली असती तर २०१९ पर्यंत आणखी सुमारे ३५,००० डॉक्टर त्यांतून बाहेर पडले असते, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यातूनच आजचे प्राध्यापक आले असते. तीच माणसे नसल्यामुळे, जे थोडे आहेत त्यांच्यावर सगळा भार येतो.

संशोधनाच्या पैशाचे गणित तर अधिक बोचरे आहे. एनआयएच ही इथली सर्वांत मोठी निधी देणारी संस्था. २०११ मध्ये जिंथर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की शिक्षण, प्रशिक्षण, आधीचे निबंध हे सारे जमेस धरले, तरी कृष्णवर्णीय संशोधकाला अनुदान मिळण्याची शक्यता गोऱ्या संशोधकापेक्षा १० टक्क्यांच्या अंकांनी कमी होती. २०१९ मध्ये त्यातले एक कारण पुढे आले: हे संशोधक समाजपातळीवरचे, लोकांमधल्या आरोग्याचे विषय जास्त निवडतात आणि त्या विषयांनाच निधी कमी मिळतो. म्हणजे आपल्या लोकांच्या आजारावर काम करायचे ठरवले की कर आणखी वाढतो.

आता ताजी स्थिती. वंशाधारित प्रवेशधोरण इथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये अवैध ठरवले आणि आमच्या राज्यात १ जानेवारी २०२४ पासून सार्वजनिक विद्यापीठांतील विविधता कार्यालयेही कायद्याने बंद झाली. कार्यालये बंद झाल्याने काम बंद झाले, असा कोणाचा समज असेल तर तो काढून टाकावा. गोंधळलेला विद्यार्थी अजूनही त्याच प्राध्यापिकेच्या दारात येतो. फरक इतकाच की पूर्वी त्या कामाला निदान एक पदनाम आणि थोडा राखीव वेळ होता, तो आता गेला.

प्रतिसाद: रक्तपेढी

ह्यूस्टनकरांनी संशोधनविषयाचा जो मुद्दा मांडला, तो विदर्भात बसून वाचताना सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आठवल्याशिवाय राहत नाही. मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयीचा शुक्ला आणि सोलंकी यांचा लेख लॅन्सेटमध्ये १९५८ मध्येच आला होता. पूर्वीच्या महार समाजात आणि गोंड, माडिया, परधान यांसारख्या जमातींत हा आजार किती आहे, हे इथल्या प्रत्येक बालरोग वॉर्डाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. राष्ट्रीय निर्मूलन अभियान मात्र १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झाले. मधल्या काळात हे काम कोणी धरून ठेवले? बहुतांशी त्याच समाजांतून आलेल्या किंवा त्यांच्याशी बांधील असलेल्या डॉक्टरांनी, शिबिरे घेत, रविवारी गावोगावी जात, सोल्युबिलिटी या प्राथमिक चाचणीच्या नळ्या स्वतःच्या गाडीत ठेवून. शिबिराचा शोधनिबंध होत नाही. एका वस्तीतल्या चारशे लोकांची तपासणी, त्यातील वाहक जोडप्यांचे समुपदेशन, हायड्रॉक्सीयुरिया नियमित मिळावे म्हणून औषधभांडारात घातलेले खेटे: यात नवीन रेणू नसतो, म्हणून मोठ्या नियतकालिकाला रस नसतो.

अमेरिकेतही हाच आजार याच तऱ्हेने मागे राहिला. तिथे सिकलसेलचे सुमारे १ लाख रुग्ण आहेत आणि प्रामुख्याने गोऱ्यांत आढळणाऱ्या सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराचे त्याच्या साधारण एक तृतीयांश. तरी दरडोई संशोधननिधी दुसऱ्या आजारालाच कितीतरी जास्त मिळत आला आहे.

पदोन्नतीच्या मुलाखतीत मला विचारले होते, "तुमचे सगळे काम एकाच विषयावर का?" हृदयरोगतज्ज्ञाला हा प्रश्न कोणी विचारत नाही.

प्रतिसाद: मोमिनपुरा

मी एका खासगी महाविद्यालयात स्त्रीरोग विभागात आहे. माझ्या वस्तीत लसीकरणाला किंवा कुटुंबनियोजनाला कुठे नकार आला की आरोग्य खात्याची गाडी मलाच न्यायला येते. त्यात मला आनंदही आहे, कारण बायका माझ्याशी मोकळेपणाने बोलतात. ईदची सुटी मिळावी म्हणून दिवाळीच्या सगळ्या ड्युट्या मी घेते, त्यालाही हरकत नाही. हरकत आहे ती एका गोष्टीला. संस्थेच्या माहितीपुस्तिकेत, संकेतस्थळावर, मान्यवरांच्या स्वागताच्या रांगेत हिजाबमधली मी पुढे असते आणि शैक्षणिक परिषदेत विषय मांडणाऱ्यांच्या यादीत मी कधीच नसते.

प्रतिसाद: पीजी_दुसरे_वर्ष

लहानसा प्रतिसाद देतो. विद्यार्थ्यांच्या बाजूने पाहिले तर हे शिक्षक नसते तर आमच्यापैकी कित्येकांनी वर्ष सोडले असते. दिल्ली एम्समधील भेदभावाची चौकशी करणाऱ्या प्रा. सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये जे लिहिले, म्हणजे शिक्षकांकडून मिळणारा दुजाभाव, वसतिगृहात वेगळे पडणे, अंतर्गत गुणांविषयीचा संशय, ते वाचताना ते दुसऱ्या शहराबद्दल आहे असे वाटत नाही. मे २०१९ मध्ये मुंबईत आदिवासी समाजाच्या निवासी डॉक्टर पायल तडवी यांनी आत्महत्या केली, तेव्हा आमच्या वरच्या बॅचच्या मुलींना रात्री उशिरापर्यंत घरी बसवून बोलते करणाऱ्या एक मॅडम होत्या. कोणत्याही समितीने त्यांना ते काम दिले नव्हते. त्यांचे स्वतःचे पीएच.डी.चे काम त्या वर्षी मागे पडले, हे आम्हाला फार नंतर कळले.

प्रतिसाद: जुना मेयोकर

निवृत्त आहे, त्यामुळे स्पष्ट लिहितो. तरुण सहकाऱ्यांना माझा सल्ला नेहमी एकच राहिला: नाही म्हणायला शिका. आधी निबंध पूर्ण करा, प्राध्यापक व्हा, मग समाजाची कामे खुर्चीवर बसून करा. खुर्ची नसेल तर तुमचे कोणी ऐकणार नाही.

प्रतिसाद: पूर्वविदर्भ

सर, आपला सल्ला मायेने दिलेला आहे आणि व्यवहारात तो अनेकांनी पाळलाही असेल. पण भामरागडहून आलेल्या बाईंना नाही कसे म्हणायचे? निवड समितीला नाही म्हटले, तर मुलाखत तरी पुढे ढकलली जाते किंवा ज्याला विषयाशी देणेघेणे नाही असा कोणी सही करून मोकळा होतो. आणि नाही म्हणणाऱ्याच्या गोपनीय अहवालात 'सहकार्यवृत्ती मध्यम' असे लिहिलेले मी पाहिले आहे. नकाराची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. ज्याची पाठराखण करणारे विभागात चौघे आहेत, त्याचा नकार शिस्त ठरतो. एकट्याचा नकार उर्मटपणा ठरतो.

म्हणून मला वाटते की काम नाकारण्यापेक्षा ते मोजायला लावणे अधिक शक्य आहे. दुभाष्याचे काम डॉक्टरांच्या भल्या मनावर न सोडता गोंडी, माडिया आणि कोरकू जाणणारे समन्वयक रुग्णालयांनी पगारावर नेमावेत. प्रतिनिधी म्हणून त्याच शिक्षकाला वारंवार बोलावण्याऐवजी विभागातील सर्व महाविद्यालयांची मिळून एक सूची करावी आणि बाहेरचा प्रतिनिधी प्रवासभत्ता देऊन बोलवावा. ज्याच्याकडे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वैधानिक समित्या आहेत, त्याच्या ओपीडीचे किंवा व्याख्यानांचे तास तेवढ्या प्रमाणात कमी करावेत. आणि सिकलसेलच्या शिबिरांसारख्या कामाला, त्याचा अहवाल व्यवस्थित लिहिलेला असेल तर, पदोन्नतीत निबंधाइतके नसले तरी काही वजन द्यावे.

प्रतिसाद: चिकित्सक

शेवटच्या मागणीला माझा विरोध आहे. शिबिराचे अहवाल निबंधाच्या पंक्तीला बसवले की उद्या सगळेच शिबिरे घेतील, आणि ती कशी घेतली जातात हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. समन्वयक आणि सामाईक सूची या दोन गोष्टी मात्र मला पूर्ण मान्य आहेत. त्यासाठी कोणाच्या जातीचा उल्लेखही करावा लागत नाही.

प्रतिसाद: बिंदुनामावली

सूची करताना जातीचा उल्लेख करावाच लागेल, प्रवर्गाशिवाय प्रतिनिधी कसा शोधणार? असो. वजन द्यायचे की नाही हा वाद आयोगापर्यंत जाईल आणि त्याला वेळ लागेल. तोपर्यंत एक काम आजपासून करता येते. समितीवरील नेमणुकीचा प्रत्येक कार्यालयीन आदेश लेखी मागा. तोंडी निरोपावर मुलाखतीला जाऊ नका. बैठक किती वाजता सुरू झाली आणि किती वाजता संपली, हे इतिवृत्तात नोंदवायला सांगा. सदस्य म्हणून तसे सांगता येते. वॉर्डात दुभाष्या म्हणून बोलावले तर केसपेपरवर स्वतःच्या नावाने, वेळेसह नोंद करा. वर्षाअखेरीस कार्यमूल्यमापनाच्या स्वयंमूल्यांकनात हे तास लिहा आणि आदेशांच्या प्रती जोडा. प्रतिवेदन अधिकाऱ्याने ते खोडले, तर खोडल्याचा लेखी पुरावा हाती येतो, आणि प्रतिकूल शेऱ्याविरुद्ध अभिवेदन करताना तोच उपयोगी पडतो.

प्रतिसाद: पूर्वविदर्भ

केसपेपरवर नोंद करण्याची सूचना सहकाऱ्यांना आजच सांगते. आदेशांच्या प्रती आमच्याकडे निम्म्याच आहेत. बाकीच्या आस्थापना शाखेकडे माहिती अधिकारात मागाव्या लागतील असे दिसते. तो अर्ज कोणी आधी केला असेल, तर त्याचा मसुदा इथे द्यावा.